प्रकरण अकरावे: थोरलीचं घर

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास सेवास्तीला घर मिळालं आणि घराच्या मागोमाग तिच्या नवऱ्याला नोकरीही. पण बेटावर आज कुणालाही विचारा, असं काही घडल्याचं कुणी कबूल करणार नाही. पाद्री म्हणतील, मी तेव्हा कॉफी पीत होतो. नगरपालिकेचा निकितास म्हणेल, प्रकरण विचाराधीन आहे. थेमेलिनामावशी तर दारच लावून घेईल. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू आणि त्या दिवशीच्या सकाळपासून सुरुवात करू. तेव्हा सेवास्तीला घर नव्हतं, झीसिसला नोकरी नव्हती, आणि सासूबाई पलंगावर ताठ बसून उकडलेल्या गव्हावर पिठीसाखर थापत होत्या.

गहू सेवास्तीच्या आईच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाचे होते. आई, म्हणजे अर्खोंदूला, मेली मुख्य भूमीवर, उत्तरेत. पण तिनं निक्षून सांगून ठेवलं होतं की तिसरं वर्ष माझ्या बेटावर घाला. घालायला माणसं बेटावर आयतीच होती. सेवास्ती, झीसिस, सासूबाई आणि लेक, चौघं ऑक्टोबरपासून वाल्सामीच्या भाड्याच्या खोलीत राहत होती.

ती खोली डेन्मार्कच्या पाहुण्यांसाठी बांधलेली. त्यामुळे तिच्यात वाइनचे अकरा ग्लास होते आणि पातेलं एक. भिंतीवर हसणारा डॉल्फिन रंगवलेला होता. सासूबाई झोपताना त्याच्यावर टॉवेल टाकायच्या. वाल्सामी माणूस वाईट नव्हता. चौघं विसरतील या काळजीनं तो रोज सकाळी दारात येऊन, किती दिवस उरले ते सांगून जायचा.

"चार," तो आज म्हणाला. "बुधवारी डेन्मार्कवाले येतायत. गहू मस्त दिसतायत."

बाकीची घरं बघून झाली होती. एका पवनचक्कीला छप्पर नव्हतं. एक जागा 'समुद्र दिसणारी, हवेशीर' होती, पण तिथल्या कोंबड्या जायला तयार नव्हत्या. एका चांगल्या घराचे नऊ मालक ऑस्ट्रेलियात होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. नोकरीचं त्याहून सरळ होतं. बेटाच्या डिझेलवरच्या वीजघरात मेकॅनिक हवा होता, आणि झीसिसनं उत्तरेतल्या कोळशाच्या वीजकेंद्रात, ते बंद पडेपर्यंत, एकोणीस वर्षं टर्बाइन सांभाळलं होतं. अट एकच: उमेदवार बेटाचा कायमचा रहिवासी हवा. कागद मंगळवारच्या बोटीनं जायला हवेत. कायमचा रहिवासी व्हायला घर लागत होतं, आणि वर्षभरासाठी घर द्यायला कुणी तयार झालंच तर तो आधी विचारायचा, नोकरी आहे का?

"आणि तुझ्या आईचं घर रिकामं," झीसिस दाढी करता करता म्हणाला.

"रिकामं नाही. मावशी आहे ना."

"मावशी खाली राहते. कोठारात. वरचं घर रिकामं आहे, सेवास्ती. एकशे चौदा बशा राहतात तिथे."

"आज विचारते मी तिला."

"आज आम्ही कुणीच तोंड उघडणार नाही," सासूबाई साखरेकडे बघत म्हणाल्या. "मागच्या वेळी याने उघडलं होतं."

मागच्या वेळी, म्हणजे बेटावर उतरल्याच्या पहिल्याच दिवशी, झीसिसनं नऊ वर्षांच्या लेकीला खांद्यावर बसवून गावभर ओळख करून दिली होती: ही माझी स्तेर्यानी! माझ्या आईचं नाव ठेवलंय! उत्तरेत असं म्हटलं की लोक मिठाई मागतात. इथे बेकरीवाल्यानं झीसिसचा हात हातात घेऊन सांत्वन केलं.

कारण या बेटावर घर आईकडून थोरल्या लेकीला जातं. लेकीचं लग्न झालं की आई त्याच संध्याकाळी अंथरूण उचलून खालच्या कोठारात राहायला जाते. म्हणून इथल्या बायका लेकीच्या लग्नात जे रडतात ते अगदी मनापासून. धाकटीला काही नाही. तिनं थोरलीच्या घरी राबायचं. आणि थोरल्या लेकीला नाव आईच्या आईचं, म्हणजे घर आणि नाव दोन्ही एकाच वाटेनं चालत राहतात. सेवास्तीच्या आजीचं नाव सेवास्ती. तिची थोरली अर्खोंदूला. अर्खोंदूलाची थोरली पुन्हा सेवास्ती. पुढची अर्खोंदूला यायला हवी होती, आणि आली स्तेर्यानी.

सेवास्तीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पोरीच्या बारशाच्या वर्षीच सासूबाईंचं गाव कोळशाच्या खाणीनं घेतलं. आधी शाळा, मग चर्च, मग दफनभूमी, मग सासूबाईंचं स्वयंपाकघर. शेवटच्या दिवशी त्या चुलीपाशी बसून होत्या, आणि पोट घेऊन उभी असलेली सेवास्ती त्यांना म्हणाली होती, "आई, मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवीन." अर्खोंदूलाला तिनं फोनवर सांगितलं.  अर्खोंदूला म्हणाली, "बरं केलंस. थेमेलिनाला मी कळवते." ते तिनं मरेपर्यंत कळवलं नाही.

*

चर्चमधून मंडळी थेट घरी आली. अशा श्राद्धाच्या प्रसंगालाच थेमेलिना ते घर उघडायची. किल्ली वीतभर लांब, कंबरेला बांधलेली. एकाहत्तर वर्षांची मावशी काळ्या कपड्यांत, काठीसारखी सरळ. तिनं कुलूप काढलं, बाजूला झाली आणि सगळ्यात शेवटी आत आली.

खोली एकच. नुकताच चुना दिलेला. मागच्या बाजूला माणूसभर उंच लाकडी ओटा, त्यावर सगळ्या कुटुंबानं झोपायचं. आणि भिंतीवर छतापर्यंत बशा. निळ्या, हिरव्या, माशांच्या, जहाजांच्या. गावच्या सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या. पापा-मिनास, म्हणजे गावचे पाद्री, खिडकीजवळच्या खुर्चीत. त्यांच्या शेजारी निकितास. नगरपालिकेचं सुविधा केंद्र तो एकटाच होता, आणि केंद्राला वेळेवर कुलूप लावायची सवय नसल्यानं शिक्का खिशातच ठेवायचा.

कॉफी झाली, ब्रँडी झाली, टोस्ट झाले. गव्हाच्या छोट्या पुड्या वाटून झाल्या. मृतात्म्याला शांती लाभो असं प्रत्येकानं एकदा आणि एका कानानं अधू बाईनं तीनदा म्हटलं. झीसिस सासूबाईंच्या नजरेच्या धाकात मुकाट बसला होता.

सेवास्तीनं कप खाली ठेवला. "मावशी, एक विचारायचंय."

"विचार."

"बुधवारी आमची खोली जाते. मंगळवारी झीसिसचे कागद जायचेत. त्यावर पत्ता लागतो. तू किल्ली दिलीस तर आम्ही इथे राहू. नाही दिलीस तर मंगळवारच्याच बोटीनं आम्ही परत. आणि परत म्हणजे कुठे, ते मला माहीत नाही."

भिंतीला टेकलेल्या बायका कानावरचे रुमाल सारून पुढे सरकल्या.

"कागदावर हे घर तुझ्या पणजीचं," थेमेलिना म्हणाली. "पणजी मरून सत्तर वर्षं झाली. कोर्टात गेलीस तर तुझ्या नातीला निकाल लागेल. तेव्हा किल्लीचंच खरं, ते तू बरोबर बोललीस. किल्ली माझी नाही गं पोरी. थोरलीची आहे. मी सांभाळते."

"मी थोरलीच आहे."

"तू आहेस. तुझ्या नावानं तुला आज देते, कुणी अडवलंय? पण मी देताना बघायचं असतं, पुढे कुणाला जाणार." तिनं ओट्याच्या पायरीवर बसून बशा मोजत असलेल्या मुलीकडे पाहिलं. "पुढे अर्खोंदूला कुठाय? माझी बहीण कुठाय?"

"ही तिचीच नात आहे," झीसिसला राहवलं नाही.

"नात आहे. नाव कुणाचं?"

"माझं," स्तेर्यानीसासूबाई बोलल्या. "स्पष्ट बोला ना, विहीणबाई. माझ्या नावाची तुम्हाला अडचण होतेय."

"तुमच्या नावाची कशाला होईल? चांगलं नाव आहे. तुमच्या गावी."

"माझं गाव नाही."

"असं कसं? प्रत्येकाला गाव असतं."

"माझ्या गावाच्या जागी ऐंशी मीटर खोल खड्डा आहे. नकाशात बघा, निळा दाखवलाय. आता पाणी भरून त्याचं तळं करणार म्हणे. होड्या सोडणार." सासूबाईंनी मांडीवरचं रिकामं ताट सरळ केलं. "घर गेलं, मळा गेला, आमचे म्हातारे तीनदा उकरून तीनदा पुरले. एवढं नाव शिल्लक आहे, ते या पोरीवर ठेवलंय. तुमच्याकडे तर घर आहे, बशा आहेत. एक नाव कमी पडलं तर काय बिघडलं?"

"बशा माझ्या नाहीत," थेमेलिना म्हणाली.

सेवास्तीला वाटलं, संपलं. आपण दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसलोय आणि दोघींचंही बरोबर आहे. यातून वाट काढायला पाद्री तरी हवा. आणि पाद्री होताच.

"पापा, पोरीचं दुसऱ्यांदा बारसं करता येणार नाही का?" एका बाईनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"बारशाचं पवित्र तेल एकदाच लागतं," पापा-मिनास म्हणाले. "नाही तर लोक दर उन्हाळ्यात येतील."

"कागदावर बदलता येतं," निकितास म्हणाला. "कोर्टातून. दीड-दोन वर्षं."

"कागदाचं नाव बोटीच्या तिकिटाला चालतं," थेमेलिना म्हणाली. "घराला नाही."

"पोरीला तरी विचारा," कानानं अधू बाई ओरडली. "काय गं बाळे, अर्खोंदूला म्हटलेलं चालेल का तुला?"

मुलीनं अठ्ठावन्नाव्या बशीवर बोट तसंच ठेवलं आणि विचार केला. "मला चालेल," ती म्हणाली. "पण मग स्तेर्यानी कोण होणार?"

 

सासूबाई उठल्या. "हे ताट विसळून आणते," म्हणाल्या आणि बाहेरच्या पायऱ्या उतरून खाली कोठाराकडे गेल्या, कारण नळ तिथे होता.

त्या बराच वेळ आल्या नाहीत. सेवास्ती बघायला गेली. कोठाराला एकच खिडकी, तीही हातभर. आत तेलाच्या बरण्या, पिठाची पेटी, नांगराचा फाळ. आणि बरण्यांच्या मधल्या जागेत फळीवर अंथरलेली अरुंद गादी. उशाला एक खिळा. खिळ्याला एकच बशी, साधी पांढरी, चीर गेलेली. सासूबाई गादीसमोर उभ्या होत्या. ताट अजून कोरडंच होतं.

"किती वर्षं झोपते गं ही इथे?"

"आजी गेली तेव्हापासून. एक्केचाळीस."

"आणि वरचा ओटा?"

"कधीच नाही. ती धाकटी ना."

"सहा माणसं झोपतील त्या ओट्यावर," सासूबाई म्हणाल्या. खाणीनं मोबदल्यासाठी घर मोजलं तेव्हा त्या जशा बोलल्या होत्या तशाच कोरड्या आवाजात. मग नळ सोडला, ताट नीट विसळलं, झग्याला पुसलं आणि वर आल्या.

"विहीणबाई," दारातूनच त्या म्हणाल्या, "बदला नाव. तेलाचं काय ते पाद्री बघतील. आजपासून पोर अर्खोंदूला. माझं नाव मी माझ्याबरोबर नेईन. मला काय, इतकं गेलं त्यात आणखी एक."

झीसिस उठून उभा राहिला. "आई!"

"तू बस."

तो बसला.

सेवास्तीनं मावशीकडे पाहिलं. आता ही किल्ली सोडेल, तिला वाटलं. जिंकली की ती. पण थेमेलिनाचा चेहरा जिंकलेल्या बाईचा नव्हता. कुणी थोबाडीत दिल्यासारखी ती बघत होती.

"म्हणजे मी घेऊ?" ती म्हणाली. "तुमचं घर घेतलं, मळा घेतला, मेलेले घेतले, आता उरलेलं नाव मी घ्यायचं? मी काय खाण आहे?"

"मी देतेय ना."

"त्यांनाही दिलंच होतंत. सह्या करून." थेमेलिनानं मान हलवली. "नाही. जितं नाव उपटून मेलेलीचं घालायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. पोर स्तेर्यानीच राहील. कुणी बदललं तर माझ्याशी गाठ आहे."

"मग किल्ली द्या!" झीसिस म्हणाला.

"किल्ली कशी देणार? स्तेर्यानीला घर जात नाही."

अशा रीतीनं दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींच्या बाजूला गेल्या आणि घर पुन्हा मधेच राहिलं. पापा-मिनासनी स्वतःला ब्रँडी ओतून घेतली. भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी दोघींनी डोळे पुसले, एकीनं टोस्ट खाल्ला.

थेमेलिना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बशांकडे बघत बसली. बघता बघता तिच्या कपाळावरची आठी हलली.

"निकितास," ती म्हणाली, "जित्या माणसाचं नाव बदलायला कोर्ट लागतं. मेलेल्याचं?"

"मेलेल्याचं काय?"

"बदलायला काय लागतं? माझ्या बहिणीचं नाव स्तेर्यानी केलं तर? जन्मापासून. मग पोरीला आजीचंच नाव आहे. सगळं रांगेत येतं."

निकितास आधी हसला. मग कुणी हसत नाही हे बघून थांबला. "मावशी, त्याला फॉर्म नाही."

"मनाईचा फॉर्म आहे?"

"नाही."

"पापा, तुम्हाला काही?"

पापा-मिनासनी पेल्यात बघून विचार केला. "तिकडे देव तिला काय हाक मारतो, ते मला कळवलेलं नाही," ते म्हणाले. "मी कॉफी पितोय."

"हा अर्ज कुणी मंजूर करणार नाही," निकितास म्हणाला. "आत्ता सांगतो. प्रांताला जाईल, प्रांत मंत्रालयाला पाठवेल, मंत्रालय विचारेल हे काय आहे. मग ते बसतील."

"किती बसतील?"

"बंदरावरच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज त्र्याण्णव सालचा आहे. त्यावर अजून विचार चाललाय."

"आणि विचार चाललाय तोवर?"

"तोवर काय? प्रकरण प्रलंबित. कुणी काही हलवायचं नाही. जैसे थे."

थेमेलिनानं हे दोन शब्द जिभेवर घोळवले. "जैसे थे. म्हणजे अर्ज दिला त्या घडीला जो जिथे बसलाय, तो तिथेच?"

निकितासनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याची नजर खुर्चीतल्या सेवास्तीवर गेली, दारातल्या सासूबाईंवर गेली, पायरीवरच्या मुलीवर गेली. तो हळूच म्हणाला, "तसंच म्हणावं लागेल."

"सेवास्ती, उठू नकोस," मावशी गरजली. "झीसिस, तूही हलायचं नाही. विहीणबाई, दारात काय उभ्या राहता, आत या, तुम्ही बाहेर मोजल्या जाल!"

सासूबाई लगबगीनं उंबरा ओलांडून आत आल्या आणि निकितासच्या पायावर बसता बसता वाचल्या.

"सामान?" झीसिसनं विचारलं.

"सामानाचं मागाहून. माणसं बसलेली असली की झालं. निकितास, पत्त्याचा दाखला?"

"'सदर घरात वास्तव्य, प्रकरण प्रलंबित,' असा देता येईल," निकितास खिसा चाचपत म्हणाला. "पण अर्ज लिहायला हवा. नीट. मला तसलं वळणदार येत नाही."

"मला येतं," सेवास्ती म्हणाली.

तिला यायचंच. खाणीच्या पुनर्वसन कार्यालयात अकरा वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. जुनं तुतीचं झाड उचलून नव्या वस्तीत लावून मिळावं, चर्चची घंटा पूर्वीच्याच घरातून ऐकू यावी, असे नऊशे अर्ज तिनं लोकांना लिहून दिले होते. एकही मंजूर झाला नाही. पण माणसं अर्ज लिहून झाल्यावर जरा बरी दिसायची, हे तिनं बघितलं होतं. भिंतीशी बसलेली एक बाई इतक्यात कुजबुजलीही, "झालं की माझ्या पेन्शनचं पण लिहून देशील का गं?"

स्तेर्यानीच्या शाळेच्या वहीतलं पान फाडलं. ताट उलटं घालून त्याचं टेबल केलं. मावशी सांगत गेली, सेवास्ती लिहीत गेली, आणि निकितास मधे मधे 'उपरोक्त' कुठे घालायचं ते सांगत गेला.

लिहिताना सेवास्तीच्या मनात ती चीर गेलेली बशी होती. खिळ्याला टांगलेली, एकच. मावशीला तिनं कधी विचारलं नव्हतं की तुला काय हवं. कुणीच विचारलं नसावं. विचारलं असतं तरी मावशी 'मला कशाला' म्हणाली असती, आणि आज ओट्यावर झोपायला ये म्हटलं, तरी येणार नाही. धाकटी ना.

"झालं?" मावशीनं विचारलं. तिचा चष्मा खाली कोठारात होता.

"एक ओळ राहिलीय," सेवास्ती म्हणाली आणि तिनं ती लिहिली.

निकितासनं कागद हातात घेतला. शेवटाशी आल्यावर तो थांबला. सेवास्तीकडे पाहिलं, पाठमोऱ्या मावशीकडे पाहिलं. ती कंबरेची किल्ली सोडून कुणाच्या हातात न देता, जैसे थे मोडणार नाही अशा बेतानं, खिडकीत ठेवत होती. मग त्यानं शिक्का फुंकला आणि मारला.

प्रति,
मा. प्रांताधिकारी, दफ्तरी आवक क्र. २१७

विषय: नावात व जन्मक्रमात दुरुस्ती मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार खाली सही करणार सेवास्ती, राहणार सध्या बसलेल्या ठिकाणी, सविनय अर्ज करते की,

१) माझी दिवंगत आई अर्खोंदूला हिचे नाव, तिच्या जन्मतारखेपासून, स्तेर्यानी असे करण्यात यावे. तिची हरकत आलेली नाही.

२) उपरोक्त दिवंगत व्यक्तीची धाकटी बहीण थेमेलिना हिने एक्केचाळीस वर्षे घर सांभाळले असून ती आजवर एकदाही त्यात झोपलेली नाही. सबब, तिला मागील तारखेपासून थोरली करण्यात यावे, ही नम्र विनंती.